जुन्या घरात एलईडी बल्ब लुकलुकतो, मिणमिणतो, लवकर जातो: तपासणी कुठून सुरू करायची

आधी लक्षणं

जुन्या वायरिंगच्या घरात पिवळे बल्ब काढून एलईडी लावले की ज्या तक्रारी सुरू होतात, त्या घरागणिक फारशा बदलत नाहीत. नात्यातल्या आणि ओळखीतल्या जुन्या घरांमधून मी बरीच वर्षं याच तक्रारींमागे फिरतोय. माझी यादी अजून एवढीच आहे:

– बटण बंद केलं तरी बल्ब मंद मिणमिणत राहतो, किंवा दर काही सेकंदांनी एकदा चमकून विझतो.

– चालू असताना उजेड थरथरतो. कधी डोळ्यांना कळतं, कधी फक्त मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे सरकताना दिसतात.

– बल्ब काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातो, आणि दरवेळी त्याच होल्डरमधला जातो.

– डिमरवर लावला की गुणगुणतो, किंवा उजेड कमी करत गेलं की मध्येच फट्‌कन विझतो.

– उजेड पुरत नाही. किंवा पुरतो, पण खोली आजारी माणसासारखी फिकट दिसते.

– घरातलं मोठं उपकरण सुरू झालं की काही दिवे मंद होतात आणि त्याच वेळी दुसरे काही नेहमीपेक्षा प्रखर होतात.

यातलं शेवटचं लक्षण तुमच्याकडे असेल तर मधलं सगळं सोडा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा. तो बल्बचा विषयच नाही, आणि थांबण्यासारखा तर नाहीच.

जुना बल्ब काय पोटात घालत होता

फिलामेंटचा बल्ब म्हणजे काचेत बंद केलेली टंगस्टनची तार. ती तापते आणि उजळते, एवढंच तिचं काम. वीज क्षणभर तुटली तरी तापलेली तार लगेच गार होत नाही, त्यामुळे उजेड हलल्याचं कळत नाही. होल्डर थोडा सैल असो, जॉइंट जुना असो, व्होल्टेज वरखाली होत असो, तार जरा मंद किंवा जरा प्रखर होते आणि दिवा चालू राहतो. बटण बंद असताना कुठून तरी किंचित करंट झिरपत आला तर तोही तारेतून निमूट निघून जातो. ६० वॅटच्या बल्बला २३० व्होल्टवर पाव अँपिअरच्या आसपास करंट लागतो, आणि झिरपणारा करंट बहुधा एक मिलिअँपिअरसुद्धा नसतो. त्यानं तार कोमटही होत नाही.

एलईडीच्या बुडात मात्र एक छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो घरातली एसी वीज डीसी करतो, कपॅसिटरमध्ये साठवतो आणि एलईडीला मोजून देतो. झिरपलेला तेवढासा करंटही हा कपॅसिटर थेंबाथेंबानं साठवत राहतो. पुरेसा साठला की ड्रायव्हर जागा होतो, दिवा एकदा चमकतो, साठा संपतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. रात्री अंधारात दर पाच-सात सेकंदांनी चमकणाऱ्या दिव्याचं रहस्य हे एवढंच आहे.

म्हणजे दोष पूर्वीही होते. जुना बल्ब ते पोटात घालत होता आणि नवा बोलून दाखवतो. हे एकदा मनात पक्कं बसलं की ‘एलईडी घेतला तिथेच चुकलं’ असं म्हणत चौथा, पाचवा बल्ब आणणं आपोआप थांबतं. बल्ब बदलून बरे होणारे दोष आहेत, नक्कीच आहेत. पण ते कोणते हे आधी वेगळं काढावं लागतं.

पहिली तपासणी: नुसती अदलाबदल

हिला काही खर्च नाही, आणि माझ्या मते अर्धं निदान इथेच होतं. तक्रारीचा बल्ब काढून तो व्यवस्थित चालणाऱ्या दुसऱ्या होल्डरमध्ये लावा, आणि तिथला चांगला बल्ब इकडे लावा. बटण बंद करून, बल्ब गार होऊ देऊन मगच हात लावा; एलईडीचं बूडही चटका देण्याइतकं तापतं. मग दोन-तीन संध्याकाळी नुसतं पाहत राहा. तक्रार बल्बाबरोबर दुसऱ्या खोलीत गेली तर दोष बल्बाचा. जुन्याच जागी थांबली तर दोष होल्डर, बटण, डिमर किंवा वायरचा.

याच्या जोडीला एक गोष्ट प्रत्येक जुन्या घरात असावी असा माझा आग्रह आहे: एक चालू स्थितीतला, ४० वॅट किंवा त्याहून कमी वॅटचा फिलामेंटचा बल्ब, कपाटात जपून ठेवलेला. हा उजेडासाठी नाही, तपासणीसाठी. तक्रारीच्या होल्डरमध्ये तो लावा. एलईडी थरथरतो आणि हा स्थिर जळतो, तर दोष ड्रायव्हर, डिमर किंवा झिरपणाऱ्या करंटच्या बाजूचा आहे, म्हणजे तुलनेनं किरकोळ. पण हा जुना बल्बही डोळ्यांदेखत मंद-प्रखर होत असेल, तर कुठेतरी जोडणी खरोखरच सैल आहे. तारेची ऊब लपवू शकणार नाही एवढा तो दोष मोठा झालाय. तसं दिसलं तर पुढचा एलईडी विकत घेऊ नका.

अजून एक साधी सवय. नवा बल्ब लावताना बुडावर मार्करनं तारीख आणि जागा लिहा. ‘हा बल्ब लवकर गेला’ असं आपण आठवणीच्या भरवशावर म्हणतो आणि बऱ्याचदा चुकतो. तारीख लिहिलेली असली की कुठला होल्डर बल्ब खातो ते एका वर्षात उघड होतं.

दुसरी तपासणी: खोक्यावरचे आकडे

उजेड कमी पडतो किंवा खोली फिकट दिसते, ही तक्रार जवळजवळ नेहमी इथे सुटते. वॅट म्हणजे वीज किती खाणार. उजेड किती मिळणार ते ल्युमेनमध्ये लिहिलेलं असतं. जुन्या ४० वॅटच्या बल्बाइतका उजेड हवा असेल तर सुमारे ४५० ल्युमेन, ६० वॅटच्या जागी सुमारे ८००, ७५ च्या जागी ११००, आणि १०० वॅटच्या जागी १५०० ते १६०० ल्युमेन बघा. ‘९ वॅट म्हणजे ६० वॅटसारखा’ हा हिशोब सरसकट चालत नाही, कारण तेवढ्याच वॅटमध्ये एक बल्ब ७०० ल्युमेन देतो आणि दुसरा ९०० च्या पुढे जातो.

रंग केल्विनमध्ये असतो. जुन्या बल्बची पिवळसर ऊब म्हणजे साधारण २७०० केल्विन. ३००० थोडा पांढरट, ४००० तटस्थ, ६५०० निळसर पांढरा. जुन्या घरातल्या लाकडाला, जुन्या रंगाच्या भिंतींना ६५०० चा दिवा लावला की सगळं राखाडी दिसतं आणि दोष बिचाऱ्या भिंतींवर जातो. त्याच्या शेजारचा तिसरा आकडा लोक वाचतच नाहीत: सीआरआय. रंग किती खरे दिसतील याचं ते माप, कमाल १००. फिलामेंट बल्ब जवळपास १०० ला असतो, साधा एलईडी ८० च्या आसपास. पांढरा एलईडी मुळात निळा असतो आणि त्याच्यावरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा दिसतो, म्हणून त्यात लाल रंगाची बाजू लंगडी पडते. त्वचा, सागवानाचा तांबूसपणा, कापडाचे रंग जिथे पाहायचे तिथे ९० किंवा वरचा सीआरआय घ्या. जिन्यात आणि अडगळीत ८० पुष्कळ झाला.

एकाच झुंबरातले किंवा एकाच खोलीतले सगळे बल्ब एका वेळी, एकाच मॉडेलचे घ्या. २७०० लिहिलेले दोन वेगळ्या बनावटीचे बल्ब शेजारी लावले तर फरक ओरडून दिसतो.

मग बूड. पिनांचा बी२२ असतो २२ मिलिमीटरचा, आट्यांचा मोठा ई२७ आणि मेणबत्तीच्या आकाराच्या बल्बांचा बारीक ई१४. घरात दोन्ही प्रकारचे होल्डर मिसळलेले असतील तर जागेप्रमाणे बल्ब घ्या. पिनांच्या होल्डरला आट्यांचा बल्ब बसवणारे कन्व्हर्टर मी कधीच सुचवत नाही. आधीच दमलेल्या होल्डरमध्ये आपण आणखी एक सैल जोड वाढवतो आणि बल्बचं वजन दोन बोटं पुढे ढकलतो. गळ्याची जाडीही पाहा: एलईडीचा गळा फिलामेंटच्या बल्बपेक्षा जाड असतो, जुन्या शेडच्या कड्याला घासतो, आणि बल्ब किंचित तिरका बसतो. तिरका बसलेला पिनांचा बल्ब म्हणजे एका पिनेवर पूर्ण दाब आणि दुसरीवर अर्धा. लुकलुकण्याचं हे कारण मला जितक्या वेळा सापडलं तितकं दुसरं क्वचितच.

शेडमधून उजेड कसा पसरतो हाही निवडीचाच भाग आहे. प्लॅस्टिकच्या बुडाचा साधा एलईडी मुख्यतः पुढच्या अर्ध्या भागात प्रकाश टाकतो. जुनी शेड किंवा भिंतीवरचा दिवा चारी बाजूंना उजळणाऱ्या तारेसाठी बनवलेला असतो, तिथे हा बल्ब लावला की शेडचा निम्मा भाग काळोखात राहतो. अशा जागी काचेतला, पिवळ्या काड्यांचा, फिलामेंटसारखा दिसणारा एलईडी घ्या. त्याचा उजेड सगळीकडे जातो.

तिसरी तपासणी: उष्णता

एकच होल्डर बल्ब खातोय आणि तो दिवा बंद काचेच्या गोळ्यात किंवा छतात पुरलेल्या डब्यात असेल, तर आधी उष्णतेवर संशय घ्या.

फिलामेंटचा बल्ब आपली बहुतेक उष्णता काचेतून किरणांच्या रूपानं बाहेर फेकतो, आणि त्याला तापण्याचं भय नसतं. एलईडीची उष्णता मागे बुडाकडे जाते, आणि ड्रायव्हर तिथेच बसलेला असतो. ड्रायव्हरमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हा सगळ्यात नाजूक भाग. त्याच्याबद्दल इलेक्ट्रॉनिक्समध्ये एक ढोबळ नियम सांगतात: तापमान १० अंश सेल्सिअसनं वाढलं की आयुष्य निम्मं. बंद गोळ्यात, बूड वर करून टांगलेला बल्ब म्हणजे सगळी गरम हवा नेमकी ड्रायव्हरभोवती. खोक्यावरचे १५,००० किंवा २५,००० तास उघड्या हवेतले असतात.

तपासायचं कसं? त्या दिव्याचा गोळा काढून ठेवा आणि बल्ब उघडाच वापरा. आयुष्य वाढलं, तर कारण मिळालं. मग बंद दिव्यात चालतो असं स्पष्ट लिहिलेला बल्ब आणा, किंवा कमी वॅटचा. इथे एक गैरसमज नेहमी भेटतो. दिव्यावर ‘कमाल ६० वॅट’ लिहिलंय, म्हणून कुणी १५ वॅटचा एलईडी निर्धास्त लावतो. ती मर्यादा दिव्याच्या जिवासाठी आहे, आणि दिव्याला १५ वॅटनं काहीच होणार नाही. एलईडी मात्र त्या बंद जागेत स्वतःच्याच उष्णतेनं शिजतो.

चौथी तपासणी: होल्डर

इथून पुढे मेन स्विच बंद. भिंतीवरचं बटण पुरत नाही, आणि जुन्या घरात तर मुळीच नाही; त्याचं कारण पुढच्या तपासणीत येईल. मेन बंद केल्यावरही टेस्टर लावून पाहा, पण त्याआधी तो टेस्टर चालू असलेल्या सॉकेटमध्ये पेटतो याची खात्री करून घ्या. नादुरुस्त टेस्टर पेटत नाही आणि माणूस वीज नाही असं समजतो.

एका जिन्यातल्या दिव्याचे चार महिन्यांत तीन बल्ब गेले होते. मेलेले तिन्ही बल्ब घरच्यांनी पिशवीत ठेवले होते, हे त्यांनी फार चांगलं केलं. उलटे करून ओळीनं मांडले. प्रत्येकाच्या बुडावर डाखाचे दोन ठिपके असतात. तिन्ही बल्बांत एक ठिपका चकचकीत, आणि दुसऱ्यावर मोहरीएवढा काळा खळगा, कडेला डाख वितळून पुन्हा गोठल्याची बारीक सुरकुती. तिघांवर तोच ठिपका नव्हता, कारण पिनांचा बल्ब दोन्ही दिशांनी बसतो. पण प्रत्येकावर एकच जळालेला होता. होल्डरमध्ये टॉर्च मारला तर दोन पितळी खुंट्यांपैकी एक वर उभी, आणि दुसरी जवळजवळ दीड मिलिमीटर आत रुतलेली. वर्षानुवर्षं १०० वॅटच्या बल्बाची धग खाऊन तिची स्प्रिंग मेली होती. बल्ब आणि खुंटी यांच्यात केसाएवढी फट राहायची, त्या फटीत सतत बारीक ठिणगी. दर ठिणगीला ड्रायव्हर बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा, आणि दर सुरुवातीला कपॅसिटर करंटचा घोट एकदम ओढून घ्यायचा. तीन बल्ब असे गेले. होल्डर बदलल्यावर चौथा अजून चालू आहे.

म्हणून मेलेला बल्ब फेकू नका, आधी त्याचं बूड पाहा. मग होल्डरमध्ये पाहा. दोन्ही खुंट्या एका उंचीवर आहेत का? कोरड्या लाकडी पेन्सिलीनं दाबल्यावर दोन्ही सारख्याच उसळून येतात का? बेकलाइट तडकलंय का, करपल्याचा वास येतो का? यातलं काही सापडलं तर होल्डर बदलायचा. घासून, ताणून, वाकवून तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. आट्यांच्या होल्डरमध्ये तळाशी पितळेची जीभ असते. बल्ब जोरात पिळून बसवायच्या सवयीनं ती चपटी होते आणि बल्बाला टेकतच नाही. मेन बंद असताना ती हलक्या हातानं थोडी वर उचलली तर चालतं, आणि पुढे बल्ब बोटांच्या जोरावर जेवढा बसेल तेवढाच बसवायचा.

आट्यांच्या होल्डरबाबत जोडणीची एक गोष्ट प्रत्येकानं लक्षात ठेवावी. फेज (वीज आणणारी जिवंत वायर) तळातल्या जिभेला हवा आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) आट्यांना. उलटं झालं असेल तर बल्ब तसाच लागतो, कुणाला काही कळत नाही, पण बल्ब फिरवताना बोट धातूच्या आट्यांना लागलं की झटका बसतो. पिनांच्या होल्डरमध्ये हा प्रश्न नाही.

होल्डर बदलताना वायरकडे नीट पाहा. बल्बच्या अगदी वरचा हा वीतभर तुकडा सगळ्यात जास्त भाजलेला असतो. वाकवल्यावर इन्सुलेशन सुक्या पानासारखं चुरलं, किंवा वायरवर कापडाचं वेष्टण आणि आत रबर दिसलं, तर हात मागे घ्या. टेप गुंडाळून काम पुढे रेटू नका. टेपनं झाकलेला तुकडा दिसत नाही, आणि पुढचा तसाच चुरलेला तुकडा छताच्या आत असतो.

पाचवी तपासणी: बंद असताना मिणमिणणं

याची तीन कारणं मला भेटली आहेत, आणि त्यांतलं एकच धोक्याचं आहे. म्हणून कुठलं ते ओळखण्यात कंटाळा करू नका.

पहिलं कारण बटणातला छोटा लाल इंडिकेटर. बटण बंद असताना तो पेटतो, आणि त्याला लागणारा चिमूटभर करंट बल्बातूनच वाट काढतो. साध्या, इंडिकेटर नसलेल्या बटणानं प्रश्न सुटतो.

दुसरं कारण लांब पल्ल्याच्या वायरी. जिन्याच्या दिव्याला खाली आणि वर अशी दोन बटणं असतात, आणि त्यांच्यामधल्या वायरी कित्येक मीटर एकमेकींना चिकटून धावतात. चालू वायरीतली वीज शेजारच्या बंद वायरीत थोडीशी उतरते, स्पर्श नसतानाही. दोन वायरी मिळून एक कपॅसिटर होतो. यात काही बिघडलेलं नसतं.

तिसरं कारण बटण न्यूट्रलवर असणं. नियमाप्रमाणे बटणानं फेज तोडायला हवा. जुन्या घरात, विशेषतः दोन-तीन वेळा हात फिरलेल्या वायरिंगमध्ये, बटण न्यूट्रलवर बसलेलं सापडतं. मग बटण बंद असतानाही होल्डरपर्यंत फेज जिवंत असतो. एलईडी मिणमिणत असेल तर तो तुम्हाला इशारा देतोय. बटण बंद केलं म्हणजे सुरक्षित, असं धरून होल्डरला हात घालणाऱ्यांना झटके बसतात ते याच घरांत.

घरगुती चाचणी अशी. झुंबरात किंवा एकाच बटणावर दोन-तीन दिवे असतील तर त्यांतला एक काढून कपाटातला तो फिलामेंटचा बल्ब लावा. झिरपणारा करंट त्याच्या तारेतून निघून जाईल आणि बाकीच्या एलईडींचं मिणमिणणं तत्काळ थांबेल. थांबलं, तर झिरपणंच कारण आहे हे पक्कं झालं. तीनपैकी कोणतं, ते मात्र या चाचणीनं कळत नाही. इंडिकेटर असेल तर तो डोळ्यांना दिसतो. नसेल तर बटण फेजवर आहे की न्यूट्रलवर हे जाणकाराकडून मीटरनं तपासून घ्या.

काही बल्बांच्या ड्रायव्हरमध्ये असा करंट गिळायची सोय असते, त्यामुळे दुसऱ्या बनावटीचा बल्ब लावला की मिणमिणणं थांबतं. लांब वायरींच्या बाबतीत हा उपाय अगदी योग्य आहे. न्यूट्रलवरच्या बटणाच्या बाबतीत तो घातक आहे, कारण इशारा बंद होतो आणि फेज होल्डरमध्ये तसाच राहतो. तपासून घेतल्याशिवाय असा बल्ब शोधत बसू नका. तपासून झाल्यावरही मिणमिणणं उरलं तर इलेक्ट्रिशियन दिव्याच्या टोकाशी, फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये, एक्स२ वर्गाचा छोटा कपॅसिटर रोधासह जोडून देतो. साधा कपॅसिटर तिथे चालत नाही. एक्स२ वर्गाचा थेट मेनवर राहण्यासाठीच बनवलेला असतो आणि बिघडला तर पेट न घेता बिघडावा अशी त्याची रचना असते.

सहावी तपासणी: डिमर, ट्रान्सफॉर्मर, ट्यूब

जुना डिमर विजेच्या प्रत्येक लहरीचा पुढचा भाग कापतो आणि आपलं काम नीट करायला त्याला किमान लोड लागतो, बहुधा ४० वॅट किंवा जास्त. ७ वॅटचे तीन एलईडी मिळून २१ वॅट होतात. डिमरला पुरेसा करंट मिळत नाही, तो लहरीच्या मध्येच सुटतो आणि उजेड फडफडतो. खोक्यावर डिमेबल लिहिलेला बल्ब घ्या, आणि तरीही त्रास राहिला तर डिमरच एलईडीसाठी बनवलेला बसवून घ्या. डिमेबल नसलेला बल्ब डिमरवर पूर्ण उजेडातसुद्धा लावू नये. ड्रायव्हर तापून जातो. डिमरचा खरंच वापर होत नसेल तर तो काढून साधं बटण बसवणं हा सगळ्यात टिकाऊ उपाय, आणि मी बहुतेक ठिकाणी तोच सुचवतो.

छतातले १२ व्होल्टचे छोटे स्पॉट हीच गोष्ट वेगळ्या रूपात सांगतात. हॅलोजनसाठीच्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरला किमान २० वॅटच्या आसपास लोड लागतो, आणि ५ वॅटचा एलईडी त्याच्या खिजगणतीत नसतो. ट्रान्सफॉर्मर काढून एलईडीचा ड्रायव्हर बसवावा लागतो.

जुन्या ट्यूबच्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवायची असेल तर ती चोकसकट चालणारी आहे की चोक काढून थेट जोडायची, हे खोक्यावरच्या आकृतीत पाहा. चोकसकट चालणाऱ्या ट्यूबबरोबर स्टार्टरच्या जागी लावायचा खास स्टार्टर येतो, तोच लावायचा. चोक काढून पट्टीतल्या वायरी बदलायच्या प्रकाराला माझं उत्तर ठरलेलं आहे: ते इलेक्ट्रिशियननं करावं, आणि पट्टीवर तशी चिठ्ठी चिकटवावी. पुढे कुणी त्यात जुनी ट्यूब घातली तर काय होईल, हे घालणाऱ्याला ठाऊक नसतं.

इथे थांबा

आता ते शेवटचं लक्षण. काही दिवे मंद आणि त्याच वेळी काही प्रखर, म्हणजे न्यूट्रल सैल झालाय किंवा तुटायला आलाय. तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रल सुटला की २३० व्होल्टच्या उपकरणांवर ४०० च्या जवळपास व्होल्टेज येऊ शकतं. एलईडी पहिले जातात, पाठोपाठ बाकीची उपकरणं, आणि सैल जोडावर आग लागू शकते. मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. शेजारच्या घरांतही तसंच होत असेल तर दोष मीटरच्या अलीकडचा नाही, वीज पुरवणाऱ्यांना कळवा. दिवस उजाडेपर्यंत थांबू नका.

याशिवाय खालीलपैकी काहीही दिसलं तर तुमची तपासणी तिथेच संपली असं समजा. इन्सुलेशन चुरतंय. बटण किंवा बोर्ड हाताला गरम लागतो, चरचरतो, करपल्यासारखा वास येतो. धातूच्या दिव्याला हात लावल्यावर मुंग्या येतात. जुन्या दिव्यांच्या वायरिंगमध्ये अर्थिंग नसणं अगदी नेहमीचं आहे, आणि अशा दिव्यात फेज धातूला टेकला तर तो जिवंत होऊन बसतो. फ्यूज किंवा एमसीबी वारंवार पडतो. वायरी ॲल्युमिनियमच्या आहेत. मेन बंद असूनही टेस्टर पेटतोय. यांतल्या कशावरही बल्ब हे उत्तर नाही, आणि नीट न शिकलेल्या माणसानं तिथे पेचकस घालू नये. माझ्याकडे एवढा अनुभव असूनही मी या ठिकाणी थांबतो.

आलेल्या इलेक्ट्रिशियनला ‘दिवे नीट चालत नाहीत’ एवढंच सांगू नका. कुठला होल्डर, कुठल्या तारखेला कुठला बल्ब गेला, फिलामेंटचा बल्ब लावल्यावर काय दिसलं, हे सांगा. मेलेले बल्ब पुढे ठेवा. त्याचा शोधायचा अर्धा वेळ वाचतो. आणि वायरिंग जुनं असेल तर इन्सुलेशनची मेगर चाचणी मागा. यात ५०० व्होल्ट डीसी सोडून वायरींमधला रोध मोजतात. तो निदान १ मेगाओम यायला हवा, चांगल्या वायरिंगचा त्याहून कितीतरी जास्त येतो. चाचणीआधी सगळे एलईडी होल्डरमधून काढून ठेवा. नाहीतर आकडा खोटा येतो आणि ड्रायव्हरलाही इजा होऊ शकते.

काम पूर्ण झाल्यावर लगेच नवे एलईडी बसवू नका. आधी कपाटातला तो फिलामेंटचा बल्ब एकेका होल्डरमध्ये लावून घरातलं सगळ्यात मोठं उपकरण सुरू करा आणि बंद करा. त्याचा उजेड हलला नाही, की मग खोकं उघडा, बुडावर तारीख लिहा आणि बल्ब बसवा.